घरच्या कॉम्प्युटरचे अपडेट: मशीनवर काय सोडायचं, हातात काय ठेवायचं

जून महिन्यातली ११ तारीख, दुपारचे चार. बाहेर पाऊस लागलेला. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून दाजींचा फोन आला. ते घरातूनच काही दुकानदारांचे आणि उद्यमनगरातल्या दोन-तीन वर्कशॉपचे जीएसटीचे हिशेब बघतात, जीएसटीआर-१ हे विक्रीच्या तपशिलाचं रिटर्नही भरून देतात.

"अरे, मशीन अपडेटला लागलंय. तीस टक्क्यांवर येऊन थांबलंय. आज जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख, आणि सात जणांचं भरायचं राहिलंय. वायर काढून परत लावू काय?"

"दाजी, वायरीला हात लावू नका. मी येतो."

मी पोचलो तेव्हा आकडा एकतीसवर होता. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा बारीक दिवा थांबून थांबून लुकलुकत होता, म्हणजे आत काम चालू होतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असली की हे असंच रेंगाळतं. चहा झाला, पाऊण तास गेला, मशीन पूर्ण चालू झालं आणि रात्री नऊच्या आत सातही रिटर्न गेले. पण तो पाऊण तास दाजींनी कसा काढला ते मी समोर बसून बघितलंय.

"बंदच करून टाक बघ ते अपडेट," ते म्हणाले. मी बंद केलं नाही. काय झालं होतं ते आधी बघितलं. गेले पाच आठवडे दाजी 'पॉज' दाबत आले होते. विंडोज अपडेट थांबवायची मुदत पाच आठवड्यांचीच असते, नंतर साचलेलं सगळं घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही. ती मुदत नेमकी त्या आठवड्यात संपली, सगळं एकदम उतरलं आणि दुपारी आडव्या आलेल्या सूचनेवर दाजींनी घाईत 'रिस्टार्ट नाऊ' दाबलं.

त्या रात्री मी त्यांच्या मशीनवर जे लावून दिलं, तेच इथे कारणांसकट लिहितो आहे. राजारामपुरीत, कसबा बावड्यात, नात्यागोत्यात जिथे जिथे घरचे कॉम्प्युटर बघतो, तिथे लोक एकच प्रश्न विचारतात: ऑटोमॅटिक ठेवू की मॅन्युअल? संपूर्ण मशीनसाठी एकच उत्तर शोधलं की फसतं. सुरक्षेचं डाउनलोड आणि बसवणं मशीनवर सोडा. रिस्टार्टची वेळ आपल्या हातात ठेवा. ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फाय असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) आणि बायोस (मशीन सुरू करून देणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) यांना कारण असल्याशिवाय हात लावू नका. आणि जी सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होतच नाहीत, त्यांच्यासाठी महिन्यातला एक वार ठरवा.

आधी अपडेटच्या जाती ओळखा

विंडोजवर 'अपडेट' या एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, दर महिन्याचं सुरक्षा अपडेट. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून हे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्या घरात ते बुधवारी येतं असं धरा. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या मध्ये पडतो. दर महिन्याच्या जीएसटीआर-१ ची तारीख ११. ही गाठ लक्षात घेतली की दाजींसारख्यांची निम्मी अडचण सुटते.

दुसरी, वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती, जिला फीचर अपडेट म्हणतात. तिसरी, ड्रायव्हर आणि बायोस. आणि चौथी, विंडोजबाहेरची सॉफ्टवेअर: ब्राउझर, पीडीएफ वाचायचं, झिप उघडायचं, हिशेबाचं.

पहिलीला उशीर का करायचा नाही, ते सांगतो. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली फट बुजवणारी दुरुस्ती, बाहेर पडला की तो सगळ्यांनाच मिळतो, चोरांनाही. ते जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात, आणि फट कुठे होती ते त्यांना कळतं. ज्यांनी अजून अपडेट केलेलं नाही, त्यांच्याकडे ती फट तशीच उघडी असते. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस हे त्याचं उदाहरण. त्या फटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता. हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले होते. तरी सुमारे दीडशे देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले, फाइलींना कुलूप लागलं आणि पडद्यावर खंडणीची पाटी आली.

अपडेटला घाबरणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली तेव्हा काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ती थांबवावी लागली. मार्च २०२१ च्या एका मासिक अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की मशीन निळा पडदा दाखवून बंद पडायचं. दुरुस्ती त्याच महिन्यात आली.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट मात्र लोक यात मिसळतात. त्या दिवशी जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसल्या, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं. मोठ्या कंपन्या वापरतात त्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल होती. ते घरच्या कॉम्प्युटरवर नसतं. त्याचा दाखला देऊन कुणी घरातलं विंडोज अपडेट बंद करत असेल, तर करू नका.

सेटिंगला हात लावण्याआधी

चार कामं आधी करा. एक रविवार सकाळ पुरते.

पहिलं, बॅकअप. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर आणि त्या सॉफ्टवेअरने स्वतः घेतलेला बॅकअप, असं सगळं तिच्यावर घ्या. काम झालं की डिस्क काढून वेगळ्या जागी ठेवा. २०१९ च्या महापुरात ओळखीतल्या एका घरात टेबलावरच्या कॉम्प्युटरबरोबर त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्कही पाण्यात गेली. मुलीच्या लग्नाचे फोटो त्या दोन्हींतच होते, तिसरीकडे कुठेच नव्हते. नदीकाठच्या भागात राहत असाल तर डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी ठेवा.

दुसरं, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की. अलीकडच्या लॅपटॉपवर डिस्क बहुतेक वेळा या कुलपाने आधीच बंद (एन्क्रिप्ट) केलेली असते, आणि मालकाला ते माहीतही नसतं. एखाद्या बायोस अपडेटनंतर मशीन अचानक ४८ अंकी की मागतं. ती नसेल तर आतला डेटा दुकानदारही काढून देऊ शकत नाही. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला, त्या अकाउंटच्या वेबसाइटवर 'डिव्हाइसेस'मध्ये ही की सापडते. ती कागदावर उतरवा. आठ गट असतात, प्रत्येकी सहा अंकांचे, लिहून झाल्यावर दुसऱ्याकडून वाचून घेऊन ताडून बघा. कागद लाइट बिलाच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. आणि अकाउंट मुलाच्या किंवा दुकानदाराच्या ईमेलवर काढलेलं असेल तर आजच त्याला गाठा.

तिसरं, जागा. सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे गेलं की काय किती जागा खातंय ते दिसतं. मोबाइलमधून आलेले व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ डाउनलोड्समध्ये दोन-दोनदा पडलेले असतात, तिथूनच सुरुवात करा. जागा कमी पडली की अपडेट अर्ध्यात फसतं आणि दर महिन्याला तेच होत राहतं.

चौथं, वीज. डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी खरंच किती मिनिटं धरते ते एकदा बघून ठेवा. महावितरणचा वीज बंदचा मेसेज आलेल्या दिवशी अपडेट चालू करू नका. वळवाच्या दिवसांत तर दुपारी आभाळ भरून आलं की थांबाच. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच.

विंडोज ११ वर काय लावायचं

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण धरून 'आय' दाबा. सेटिंग्ज उघडेल. डावीकडे सगळ्यात खाली 'विंडोज अपडेट'. मेन्यूची नावं मी पडद्यावर दिसतात तशीच देतो आहे.

वरच 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल' असा एक स्विच आहे. तो बंद ठेवा. तो चालू केला की महिन्याच्या शेवटी येणारी, अजून सगळ्यांना न दिलेली अपडेट तुमच्याकडे लवकर येतात. सुरक्षेचं मासिक अपडेट हा स्विच बंद असला तरी येतंच, त्यामुळे त्यात काही गमावत नाही.

आता 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. इथे चार गोष्टी.

'रिसीव्ह अपडेट्स फॉर अदर मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट्स' चालू करा. मायक्रोसॉफ्टची बाकीची सॉफ्टवेअर त्यात येतात.

'नोटिफाय मी व्हेन अ रिस्टार्ट इज रिक्वायर्ड' हे चालू करा. सूचना येणं त्रासाचं वाटतं, पण न सांगता रिस्टार्ट होण्यापेक्षा सांगून झालेलं बरं.

'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'. म्हणजे तुम्ही मशीन वापरता ते तास. या वेळेत विंडोज आपणहून रिस्टार्ट करत नाही. तिथे 'ऑटोमॅटिकली' असेल तर बदलून 'मॅन्युअली' करा आणि वेळ द्या. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. दाजींना सकाळी सात ते रात्री बारा दिलं, सतरा तास.

'डाउनलोड अपडेट्स ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स' बंद ठेवा. मीटर्ड म्हणजे मोजून डेटा मिळणारं नेट. याचा उपयोग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट घेणाऱ्यांना. गावाकडे, गगनबावड्याच्या बाजूला किंवा राधानगरीत, रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक मोबाइलवरून लॅपटॉपला देणारे बरेच जण आहेत. एका मासिक अपडेटला काहीशे एमबीपासून काही जीबीपर्यंत लागतात, दिवसाचा पॅक सकाळीच संपतो. त्यांनी सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय', मग त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडून 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावं. पण मग महिन्यातून एकदा फायबर असलेल्या कुणाच्या घरी लॅपटॉप नेऊन अपडेट करायचं, हे ठरवूनच. मीटर्ड लावून विसरलेली मशीन मी वर्ष-वर्षभर मागे राहिलेली बघितली आहेत.

घरात दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर त्याच पानावर खाली 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. त्यात 'डिव्हाइसेस ऑन माय लोकल नेटवर्क' निवडा. एका मशीनने उतरवलेलं दुसऱ्याला घरातल्या घरात मिळतं.

रिस्टार्ट: खरी गोम इथे आहे

ऑटोमॅटिकची सगळी व्यवस्था मशीन रात्री चालू आहे असं धरून केलेली आहे. अ‍ॅक्टिव्ह अवर्स संपले की रात्री दोन-तीनला रिस्टार्ट करायचं. आपल्या घरात मात्र रात्री झोपताना मेन स्विचसुद्धा बंद होतो. वीज वाचते, विजांच्या दिवसांत मशीनही वाचतं, सवय चांगलीच आहे. पण त्यामुळे रात्रीचं रिस्टार्ट कधीच होत नाही, अपडेट उतरून पडून राहतं आणि कधीतरी भर दुपारी गळ्याशी येतं.

म्हणून घरच्या मशीनला माझा नियम असा. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी रात्री, जेवण झाल्यावर, विंडोज अपडेट उघडून 'चेक फॉर अपडेट्स' दाबायचं. जे आहे ते उतरू द्यायचं. मग पॉवरच्या बटणात 'अपडेट अँड शट डाउन' निवडायचं आणि मशीन पूर्ण बंद होईपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. बुधवार ते शनिवार हे तीन-चार दिवस मधे जातात, ते मला चालतात. एखादं अपडेट प्रिंटर पाडणारं निघालं तर तेवढ्यात बोभाटा होतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या 'रिलीज हेल्थ' या पानावर माहीत असलेल्या अडचणींची यादीही येते.

तारखेच्या कामाचे लोक, रिटर्न भरणारे, ऑनलाइन परीक्षा देणारी मुलं, यांच्यासाठी 'पॉज' हे बटण आहे. महिन्याच्या ८ तारखेला एक आठवड्याचं पॉज लावा. ११ तारीख पार पडेल. पुढच्या शनिवारी ते उठवून अपडेट घ्या, म्हणजे २० तारखेच्या जीएसटीआर-३बी च्या (कर भरायच्या रिटर्नच्या) आत सगळं मोकळं. एका वेळी एकच आठवडा. ड्रॉपडाउनमध्ये पाच आठवड्यांचा पर्याय दिसतो, तो निवडू नका. दाजींचं काय झालं ते वर सांगितलंच.

आणि 'तीस टक्क्यांवर अडकलंय' असं झालं तर? दोन तास थांबा. दिवा लुकलुकत असेल तर अजून थांबा. 'अनडूइंग चेंजेस' अशी पाटी आली तर घाबरू नका, अपडेट बसलं नाही म्हणून विंडोज आधीच्या जागी परत चाललंय. तेही पूर्ण होऊ द्या. अर्ध्यात वायर ओढलेली मशीनच माझ्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत येतात.

जे हाताने करायचं

फीचर अपडेट लगेच घेऊ नका. 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' असं वेगळं लिहिलेलं दिसतं, ते दाबेपर्यंत ते बहुतेक वेळा येत नाही. दोन-तीन महिने जाऊ द्या. विंडोज ११ होमच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सुरक्षा अपडेट मिळतात, त्यामुळे घाई नसते. पण मुदत संपत आली की विंडोज स्वतःच पुढची आवृत्ती बसवायला घेतं, म्हणून त्याआधी आपल्या सोयीने बसवलेलं चांगलं. बसवल्यावर नकोसं वाटलं तर 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' असतं, फक्त पहिले १० दिवस. त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सही, हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळं एकेकदा चालवून बघा. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि सहीची युटिलिटी यांच्या सेटअप फाइली आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा.

ड्रायव्हर 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये दिसतात. सगळं नीट चालत असेल तर तिथे टिक करू नका. आवाज गेला, वाय-फाय तुटतंय, अशी ठोस अडचण असेल तरच, आणि एका वेळी एकच. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर तर अजिबात नकोत.

बायोस ही सगळ्यात नाजूक गोष्ट. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. कंपनीने सुरक्षेसाठी किंवा ठोस बिघाडासाठी दिलेलं असेल तर करा, लॅपटॉपला बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, डेस्कटॉपला यूपीएस, आणि रिकव्हरी कीचा कागद समोर.

हिशेबाचं सॉफ्टवेअर हा वेगळा विषय. नवी आवृत्ती डेटा नव्या साच्यात बदलून घेते आणि मग तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही असं होतं. आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर, आणि मार्चअखेर किंवा रिटर्नच्या आठवड्यात नाही.

लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्यांची काही मशीन अजून जुन्या विंडोजवर, जुन्या मराठी फॉन्टवर चालतात. त्यांची वर्षानुवर्षांची कामं त्या फॉन्टमध्येच आहेत, नव्या विंडोजवर ती उघडत नाहीत. अशा मशीनला मी अपडेट करा म्हणत नाही, पण तिचं नेट काढून टाका म्हणतो. ईमेल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या मशीनवर. फाइल पेन ड्राइव्हने न्यायची, आणि पेन ड्राइव्ह आधी अपडेट असलेल्या मशीनवर तपासून.

ब्राउझर आणि विसरलेली सॉफ्टवेअर

आज घरच्या कॉम्प्युटरवर धोका सगळ्यात जास्त कुठून येतो तर ब्राउझरमधून. त्याचं अपडेट ऑटोमॅटिकच हवं, इथे माझं दुसरं मत नाही. क्रोम स्वतः अपडेट उतरवतो, पण बंद करून परत उघडल्याशिवाय ते लागू होत नाही. पन्नास टॅब उघडे ठेवून लॅपटॉप नुसता झाकणारे इथे अडकतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात खूण येते: हिरवी असेल तर अपडेट येऊन दोन दिवसही झाले नाहीत, केशरी म्हणजे सुमारे चार दिवस, लाल म्हणजे आठवडा होऊन गेला. 'रीलाँच' दाबा, टॅब परत येतात. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, फायरफॉक्स अपडेट्स इथे 'ऑटोमॅटिकली इन्स्टॉल' निवडलेलं आहे ना बघा.

उलट विनरार, झिप-रार फाइली उघडायचं सॉफ्टवेअर. ते जवळजवळ प्रत्येक मशीनवर असतं आणि त्याला आपोआप अपडेट व्हायची सोयच नाही. जुलै २०२५ अखेरीस आलेल्या ७.१३ आवृत्तीने त्यातली एक अशी फट बुजवली, जी हल्लेखोर आधीपासून वापरत होते. 'हेल्प' मेन्यूत 'अबाउट' दाबून तुमचा आकडा बघा. ७.१३ च्या खाली असेल तर त्यांच्या मूळ वेबसाइटवरून नवीन घ्या. झिप उघडायची इतर छोटी सॉफ्टवेअर, व्हिडिओ प्लेयर, पीडीएफ रीडर यांचीही अशीच फेरी त्या शनिवारी मारा. सेटिंग्जमधली 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'ची यादी वरून खाली वाचा आणि जे वर्षभर उघडलं नाही ते काढून टाका. नसलेल्या सॉफ्टवेअरला अपडेट लागत नाही.

विंडोज १० अजून असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. मशीन चालत राहतं, म्हणून लोकांना काही बदललंय असं वाटत नाही, पण नव्या फटी उघड्या राहतात.

घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. २२एच२ ही आवृत्ती लागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती पैसे न देता मिळते, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपास रक्कम. एका अकाउंटवर दहा मशीनपर्यंत चालते. विंडोज अपडेटच्या पानावरच 'एन्रोल नाऊ' दिसतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. तुमच्या मशीनवर ते बसत नसेल आणि काम फक्त नेट, मेल, पत्रव्यवहार एवढंच असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम टाकून बघा. त्याच्या अपडेट मॅनेजरमध्ये ऑटोमेशनचा पर्याय आहे, आणि टाइमशिफ्ट या त्यातल्याच साधनाने आधीची अवस्था परत आणता येते. उबंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये सुरक्षा अपडेट मुळातच आपोआप बसतात आणि एलटीएस (लांब मुदतीच्या) आवृत्तीला ती पाच वर्षं मिळतात. मराठी टायपिंग दोन्हींवर चालतं.

मॅकवाल्यांना थोडक्यात: सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, आणि 'ऑटोमॅटिक अपडेट्स'च्या शेजारचं 'आय'चं बटण. 'सिक्युरिटी रिस्पॉन्सेस अँड सिस्टिम फाइल्स' चालूच ठेवा, मॅकओएसची नवी मोठी आवृत्ती हाताने घ्या.

दुकानातून अपडेट बंद होऊन आलं असेल तर

शाहूपुरीतल्या माझ्या मावशींचा डेस्कटॉप दुरुस्तीला दिला होता. परत आणताना दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, अपडेट काढून टाकलंय, आता त्रास नाही व्हायचा." मी उघडून बघितलं तर विंडोज अपडेटच्या पानावर लाल अक्षरांत पाटी: 'सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन'. मावशी घरात एकट्या. त्यांची कुठली संस्था?

घरच्या मशीनवर ही पाटी दिसली तर कुणीतरी आतल्या पॉलिसीला (विंडोजच्या नियमांना) किंवा सर्व्हिसला (मागे चालणाऱ्या प्रोग्रामला) हात लावलेला असतो. बरेचदा क्रॅक केलेलं, म्हणजे बिनपरवान्याचं, विंडोज चालवणारं टूलही तेच करतं, आणि अशा टूलबरोबर काय काय आत आलंय ते कळायला मार्ग नसतो. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीत 'विंडोज अपडेट' बघा. 'डिसेबल्ड' असेल तर दोनदा क्लिक करून 'मॅन्युअल' करा. इथे मॅन्युअलचा अर्थ 'लागेल तेव्हा चालू हो' असा आहे, तेच बरोबर. तरी पाटी जात नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: बॅकअप घ्या, डिस्क पुसा आणि मूळ विंडोज नव्याने टाका. बऱ्याच ब्रँडेड लॅपटॉपबरोबर परवाना आलेलाच असतो, दुकानदाराला तो माहीत नसतो एवढंच. मावशींच्या मशीनवर हेच केलं.

अपडेटनंतर बिघडलं तर

मशीन चालू होतंय पण प्रिंटर किंवा काही नीट नाही, असं असेल तर विंडोज अपडेट, 'अपडेट हिस्टरी', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या वाटेने जा. तारीख बघून शेवटचं काढा आणि एक आठवडा पॉज लावा. तेवढ्यात सुधारलेलं येण्याची शक्यता चांगली असते.

चालूच होत नसेल तर सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, असं सलग दोन-तीनदा. दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि आधी 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' (म्हणजे मासिक) काढा. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर इथेच तो ४८ अंकी कागद लागतो.

खोटी अपडेट

खरं विंडोज अपडेट सेटिंग्जच्या पानातून येतं आणि खरं क्रोम अपडेट क्रोमच्या मेन्यूतून. वेबसाइट वाचताना मध्येच 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा' असं आलं तर ते खोटं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'अपडेट'ची फाइल खोटी. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे' असा फोन आला तर तोही खोटा, मायक्रोसॉफ्ट आपणहून असा फोन करत नाही. पडदा भरून इशारा आला, भोंगा वाजायला लागला, बंद होईना, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. त्यावरच्या नंबरला फोन लावू नका.

दाबून गेलंच असेल तर पहिल्यांदा वाय-फाय बंद करा किंवा नेटची वायर काढा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या मशीनवरून नाही. कुणाला मशीनचा ताबा दिला असेल किंवा पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त. मग पोलीस ठाण्याच्या सायबर कक्षात जा, आणि तक्रार नोंदवून होईपर्यंत मशीन फॉरमॅट करू नका.